जुने भाग घ्या, पण पारखून घ्या

आमच्या घरात चार फोन आणि चारही भरलेले. थोरल्याचे डिप्लोमाचे धडे, धाकटीची बालभारतीची पुस्तके, लग्नाकार्याचे फोटो. एक ठेवायचे तर दुसरे पुसावे लागे. असेच पुसता पुसता एक दिवस आजीच्या जात्यावरच्या ओव्या गेल्या. तिच्याच आवाजात भरून घेतल्या होत्या. आजी आता नाही. त्या रात्री आम्ही सर्वांनी मिळून ठरवले, घरात एक सर्व्हर उभा करायचा.

वाचकहो, या शब्दाला बिचकू नका. कायम चालू राहून फाइली सांभाळणारा आणि घरातल्या फोनना मागतील तेव्हा त्या पुरवणारा साधा संगणक म्हणजे सर्व्हर. त्याला नवे यंत्र लागत नाही. लिनक्स फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावर चालते. पण जुने घेताना आम्ही ठेच खाल्ली. ती तुम्ही खाऊ नये म्हणून हे लिहीत आहोत.

यंत्र कुठले घ्यावे?

भिशीचे पैसे घेऊन आम्ही ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर या रस्त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. कचेऱ्यांतून निघालेले जुने संगणक इथे मिळतात. असे संगणक बाजारात येण्याला कारणही आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची चिप लागते. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट यंत्रेही कचेऱ्यांना नकोशी झाली. आपल्या कामाला ती पुरून उरतात.

सुटे सुटे भाग जमवण्यापेक्षा असे एक अख्खे यंत्र घेणे बरे. मदरबोर्ड, चिप आणि वीजपुरवठ्याची पेटी एकमेकांना जुळलेली असते. मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांत ही पेटी बहुधा त्यांच्याच मापाची असते. ती बिघडली तर बाजारातली कुठलीही बसत नाही. म्हणून यंत्र दुकानातच चालवून पाहावे.

आमची चूक

यंत्र चांगले मिळाले, पण रॅम कमी होती. एका दुकानात मोठी रॅम फारच स्वस्त दिसली. "ताई, या भावात परत मिळायची नाही," दुकानदार म्हणाला. आम्ही ७०० रुपये मोजले. घरी आणून लावली, खाचेत नीट बसलीही. पण यंत्र सुरूच होईना. थोरल्याने चिठ्ठी वाचली, तेव्हा कळले की ती रजिस्टर्ड रॅम होती. ती मोठ्या सर्व्हरच्या मदरबोर्डवरच चालते, घरगुती यंत्रात नाही. दुकानदाराने ती परत घेतली नाही. ७०० रुपये म्हणजे आमच्या घरचा आठवड्याचा भाजीपाला!

तेव्हापासून आम्ही यंत्रातली मूळ रॅम काढून सोबत नेतो आणि तिच्याशी ताडून पाहतो. डीडीआर ३ की ४, डेस्कटॉपची की लॅपटॉपची, साधी की रजिस्टर्ड, हे तीन प्रश्न पैसे काढण्याआधी विचारावेत.

हार्डडिस्कचे तर वय विचारावे. स्मार्ट नावाची तिची स्वतःची नोंद असते. ती किती तास चालली आणि तिच्यातल्या किती जागा खराब झाल्या, हे त्यात दिसते. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे ३५,००० तास चाललेली डिस्क चार वर्षे अखंड राबलेली आहे. खराब जागांचा आकडा शून्य नसेल तर ती फुकट दिली तरी घेऊ नये. नोंद दाखवायला दुकानदार तयार नसेल, तर नमस्कार करून पुढे चालावे.

मीटरकडे लक्ष

एका जागी कचेरीतून काढलेला भलामोठा सर्व्हर कमी किमतीत मिळत होता. मोह झाला. धाकटीने वहीवर हिशेब मांडला. तो १२० वॅट खातो असे धरले तर रात्रंदिवस चालून महिन्याला ८६ युनिट होतात. आमचे छोटे यंत्र ३० वॅटचे धरले तर २१.६ युनिट. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर १०० युनिटच्या पुढे चढतो, हे आपण सारे जाणतोच. दुकानात वाचलेले पैसे दर महिन्याच्या बिलात गेले असते. स्वस्ताई गल्ल्यावर नव्हे, मीटरवर मोजावी, हे मुलीने आम्हाला शिकवले.

आज यंत्र मांडणीवर, भांड्यांच्या शेजारी बसले आहे. पुस्तके त्यात आहेत. किविक्सच्या साहाय्याने मराठी विकिपीडियाही ठेवला आहे. नेट संपले तरी तो उघडतो, म्हणून शेजारची मुलेही संध्याकाळी येऊन बसतात. एक गोष्ट मात्र विसरू नका. जुनी डिस्क सांगून मरत नाही. म्हणून मोलाच्या फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा.

आजीची एक ओवी गावाकडच्या मावशीच्या फोनमध्ये सापडली. बाकीच्या गेल्या त्या गेल्या. ही मात्र आम्ही दोन ठिकाणी ठेवली आहे. तुमच्या घरात म्हातारी माणसे असतील, तर यंत्र येईपर्यंत थांबू नका. त्यांचा आवाज आजच भरून घ्या.