नव्या विंडोजची घाई किती करावी?

"तुमची विंडोज जुनी झाली, आता नवीन टाकून घ्या." जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये जा, नाहीतर धुळ्यातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात जा, हा सल्ला हमखास ऐकायला मिळतो. घरी आल्यावर मुलगा म्हणतो, नवीनच पाहिजे. आई म्हणते, चांगले चालले आहे, हात कशाला लावता? आणि ज्यांनी पैसे मोजायचे ते वडील दोघांच्या तोंडाकडे पाहत बसतात. यात खरे कोणाचे?

वाचकहो, हा प्रश्न वाटतो तेवढा लहान नाही. आपल्या वस्तीत कॉम्प्युटर येतो तो हौस म्हणून नव्हे. कोणी एमआयडीसीतल्या चटई कारखान्याच्या पगारातून, कोणी डाळ मिलच्या मजुरीतून, कोणी भुसावळला रेल्वेतून निवृत्त होताना मिळालेल्या रकमेतून तो घेतलेला असतो. बहुधा तो सेकंडहँडच असतो. त्यावर मुलगी टायपिंगचे काम घेते, मुलगा एमएस-सीआयटीचा सराव करतो, शेजारपाजारच्या पोरांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरले जातात. ते यंत्र आठ दिवस बंद पडले तर कोणाची मजुरी बुडते, कोणाची मुदत चुकते. म्हणून चालत्या गाड्याला खीळ बसू नये आणि गाडा खड्ड्यातही जाऊ नये, अशा दोन्ही बाजूंनी विचार करायला हवा.

दुरुस्ती वेगळी, बदल वेगळा

विंडोज ही कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली. कीबोर्ड, पडदा, प्रिंटर, टायपिंगचा प्रोग्राम ही सारी मंडळी तिच्याच सांगण्यावरून कामे करतात. तिच्या बाबतीत दोन गोष्टी घडत असतात आणि आपण त्यांची गल्लत करतो.

पहिली गोष्ट म्हणजे अपडेट. आहे त्याच विंडोजमधली भोके बुजवण्यासाठी कंपनी दर महिन्याला दुरुस्ती पाठवते. दुसरी गोष्ट म्हणजे अपग्रेड, म्हणजे जुनी विंडोज काढून तिच्या जागी नवी बसवणे. घराचे गळके पत्रे बदलणे ही दुरुस्ती. ती पावसाळ्याआधी झालीच पाहिजे. घर उतरवून नवे बांधणे हा बदल. त्याला दिवस पाहावे लागतात, पैसा पाहावा लागतो, तोवर सामान कोठे ठेवायचे तेही ठरवावे लागते. दुरुस्तीला उशीर करू नये आणि बदलाला घाई करू नये, एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मा प्रश्न सुटतो.

घाईचा अनुभव काय सांगतो?

जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आली. तिला मेमरी जास्त लागे. जुन्या यंत्रांवर ती रखडत चाले आणि अनेकांचे प्रिंटर-स्कॅनर तिला ओळखू येईनात. पुष्कळ कार्यालये २००१ सालच्या एक्सपीवरच थांबली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ आल्यावर थेट तिच्यावर गेली. थांबल्याने त्यांचे काही बिघडले नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आली, तेव्हा कोपऱ्यातले स्टार्टचे बटणच नाहीसे झाले होते. लोकांनी तक्रारी केल्या आणि वर्षभरात, ऑक्टोबर २०१३ च्या ८.१ मध्ये, कंपनीने बटण परत आणले.

सर्वांत बोलका दाखला २०१८ चा आहे. विंडोज १० ची मोठी नवी आवृत्ती २ ऑक्टोबर २०१८ रोजी निघाली. ज्यांनी ती लगेच घेतली, त्यांच्यापैकी काहींच्या फायली आणि फोटो पुसले गेले. कंपनीला चार-पाच दिवसांत वाटप थांबवावे लागले. दुरुस्त आवृत्ती आली ती १३ नोव्हेंबरला. संख्येने असे लोक फार थोडे होते, हे खरे. पण ज्याच्या घरातले मुलांचे लहानपणीचे फोटो गेले, त्याला संख्येने काय समाधान मिळणार? जे सहा आठवडे थांबले, त्यांना तीच वस्तू दुरुस्त होऊन मिळाली, तीही फुकट.

आधी गेल्याने पैसे वाचतात, हाही समज खरा नाही. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आली तेव्हा ७ आणि ८.१ वाल्यांना ती वर्षभर मोफत होती. पहिल्या दिवशी घेणाऱ्याला जे मिळाले, तेच दहा महिन्यांनी घेणाऱ्यालाही मिळाले.

मग कायमचे थांबावे काय?

मुळीच नाही. प्रत्येक विंडोजला वय असते. ते सरले की कंपनी दुरुस्ती पाठवणे बंद करते. एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ ला संपली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. मुदत संपली म्हणून यंत्र त्या दिवशी बंद पडत नाही. मात्र पत्र्याला नवे भोक पडले तर ते बुजवायला कोणी येत नाही.

त्याचा परिणाम मे २०१७ मध्ये जगाने पाहिला. 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने सुमारे दीडशे देशांतल्या लाखो कॉम्प्युटरच्या फायलींना कुलूप ठोकले आणि ते उघडण्यासाठी पैसे मागितले. आपल्या देशात आंध्र प्रदेश पोलिसांची काही यंत्रेही त्यात सापडली. ज्या भोकातून तो शिरला, त्याची दुरुस्ती कंपनीने दोन महिने आधीच पाठवलेली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते भरडले गेले. पुढच्याच महिन्यात त्याच भोकाचा फायदा घेणाऱ्या दुसऱ्या विषाणूने आपल्या महाराष्ट्रातल्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले.

जुन्याला चिकटून राहणाऱ्यांची अडचण दुसऱ्या बाजूनेही होते. गुगलच्या क्रोम ब्राउझरने फेब्रुवारी २०२३ पासून विंडोज ७ आणि ८.१ साठी नव्या आवृत्त्या देणे बंद केले. ब्राउझर म्हातारा झाला की सरकारी संकेतस्थळेही हळूहळू रुसू लागतात. आणि ते कळते केव्हा, तर शिष्यवृत्तीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस असतो तेव्हा!

बँकांनी काय केले?

एक्सपीची मुदत संपून चार वर्षे झाली तरी देशातली पुष्कळ एटीएम यंत्रे तिच्यावरच चालत होती. शेवटी रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये आदेश काढला. तोही "उद्या सगळी बदला" असा नव्हता. सप्टेंबर २०१८ पर्यंत पाव हिस्सा, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण आणि जून २०१९ पर्यंत सगळी, असे टप्पे घालून दिले होते. ज्यांच्यापाशी पैसा आहे, तज्ज्ञ आहेत, त्यांनाही पायरी-पायरीने जावे लागते. मग दोन कॉम्प्युटरवर सेवा केंद्र चालवणाऱ्या आपल्या तरुणाने दोन्ही एकाच दिवशी का बदलावेत? आधी एक बदलावा, पंधरा दिवस त्यावर काम करून पाहावे, मगच दुसऱ्याला हात लावावा.

मराठी अक्षरांचे दुखणे

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. इंग्रजीत काम करणाऱ्याला तिची कल्पना येत नाही. मंगल परिणयाच्या पत्रिका, जयंतीची हँडबिले, शोकसभेचे फलक छापणाऱ्या छोट्या छपाईवाल्यांचे काम वर्षानुवर्षे पेजमेकर आणि जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टवर चालत आले आहे. हे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागेवर मराठी अक्षरे बसवतात. तो फॉन्ट नव्या यंत्रावर नसला तर 'मंगल परिणय' लिहिलेले उघडते आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. काही प्रणालींना चालण्यासाठी मागे डोंगल लावावे लागते. नव्या विंडोजने ते ओळखले नाही, तर पैसे मोजून घेतलेला प्रोग्राम असून नसल्यासारखा. शिवाय विंडोज ११ फक्त ६४ बिटची आहे. अगदी जुने १६ बिटचे प्रोग्राम तिच्यावर चालतच नाहीत.

यावर खरा उपाय युनिकोड. त्यात मराठी अक्षराला स्वतःची जागा आहे, म्हणून ते कोणत्याही यंत्रावर मराठीच राहते. टायपिंग शिकणाऱ्या मुलामुलींनी युनिकोडचा हात बसवावा. जुनी कामे मात्र एका रात्रीत बदलत नाहीत. छपाईवाल्याने जुने यंत्र जुन्या विंडोजसह तसेच ठेवावे, त्याचे इंटरनेट काढून टाकावे आणि इंटरनेटची कामे दुसऱ्या यंत्रावर करावीत. पेन ड्राईव्ह मात्र तपासूनच लावावा.

आपले यंत्र नव्याला पेलते का?

विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. तिला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. सेकंडहँड बाजारातली बरीच यंत्रे तिसऱ्या-चौथ्या पिढीची असतात, म्हणजे ती यात बसत नाहीत. "काळजी करू नका, आडवाटेने टाकून देतो" असे कोणी म्हटले तर सावध राहा. अशा यंत्राला पुढची दुरुस्ती मिळेलच, याची कंपनी हमी देत नाही. थोडक्या पैशात टाकून मिळणारी चोरीची विंडोज तर त्याहून वाईट. तिच्यासोबत विषाणू फुकट येऊ शकतो.

ज्यांचे यंत्र बसत नाही, त्यांनी लगेच नवे घेण्यासाठी कर्ज काढू नये. विंडोज १० च्या घरगुती वापरकर्त्यांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव दुरुस्तीची योजना जाहीर केली होती. त्या मुदतीपुढे जुन्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करू नयेत. दुसरा मार्ग लिनक्सचा. ती फुकट असते आणि जुन्या यंत्रावर हलकी चालते. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाची लिनक्स २००७ मध्ये काढली. केरळच्या सरकारी शाळांत कित्येक वर्षे लिनक्सवरच मुले शिकत आली आहेत. अभ्यास, पत्रलेखन, इंटरनेट यांना ती पुरते. पण पेजमेकर, अंगठ्याचे यंत्र किंवा डिजिटल सहीचे डोंगल यांवर ज्याचे पोट आहे, त्याने आधी चौकशी करावी.

बदलण्याआधी एवढे करा

नवी विंडोज निघाल्यावर चार-सहा महिने जाऊ द्या. तोवर तिच्या खोडी बाहेर येतात आणि दुरुस्त होतात. आपल्यासारखेच काम करणाऱ्या एखाद्याने ती घेतली असेल, तर त्याला तीन गोष्टी विचारा: मराठी फॉन्ट चालतो का, प्रिंटर चालतो का, अंगठ्याचे यंत्र चालते का?

दिवस निवडा. १४ एप्रिलच्या आधीचा पंधरवडा, लग्नसराई, दहावी-बारावीच्या निकालानंतरचे प्रवेशाचे दिवस आणि शिष्यवृत्तीची मुदत या काळात यंत्राला हात लावू नका. काम सुरू असताना वीज गेली तर यंत्र अर्धवट अडकते. म्हणून इन्व्हर्टर असेल तेथेच हे काम करा. नवी विंडोज उतरवायला काही जीबी डेटा लागतो, तो मोबाईलच्या रोजच्या पॅकमध्ये मावत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फायलींची दुसरी प्रत. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका, घरचे फोटो हे सारे पेन ड्राईव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. डेस्कटॉपवर आणि डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेले बहुधा सी ड्राईव्हवरच असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दुकानात फॉरमॅट मारला की ते सर्व जाते. म्हणून दुकानदाराला स्पष्ट सांगा, फॉरमॅट न मारता जुन्यावरूनच अपग्रेड करा. तसे केले तर पसंत न पडल्यास साधारण दहा दिवसांच्या आत जुन्या विंडोजवर परत जाता येते. त्या दहा दिवसांत आपली सगळी कामे एकदा तरी करून पाहा. स्टार्टचे बटण मधोमध दिसले म्हणून गोंधळू नका. सेटिंगमधून ते डावीकडे आणता येते.

तेव्हा मुलाचेही खरे आणि आईचेही खरे. नवे घ्यायचे आहेच, पण दुकानदाराच्या सवडीने नव्हे, आपल्या सवडीने. ज्या घराने पोटाला चिमटा घेऊन कॉम्प्युटर आणला, त्याच घराने एकत्र बसून ठरवावे: या यंत्रावर काय काम चालते, ते बंद पडले तर कोणाचे अडते, आणि जुन्या विंडोजची मुदत केव्हा संपते. या तीन प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहा आणि तो कागद घेऊनच दुकानाची पायरी चढा.