दाराआडचा आवाज

वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाच्या परिचयाचा हा अनुभव आहे. वर्गाचे दार उघडे असते, आपण बाहेर व्हरांड्यात भिंतीच्या आड उभे असतो. गुरुजी दिसत नाहीत. त्यांचा आवाज मात्र ऐकू येतो. ध्वनी दाराशी वळतो तो कसा?

ध्वनी म्हणजे हवेतील दाबाचे तरंग. तरंगाच्या अग्रभागावरील प्रत्येक बिंदू नव्या लहरींचा उगम असतो, हा विचार डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६७८ मध्ये प्रकाशाच्या संदर्भात मांडला. ध्वनीलाही तो लागू पडतो. भिंत बहुतेक तरंग अडवते; दारातील हवा मात्र नव्या उगमासारखी बाजूंनाही कंपने पसरवते. यालाच विवर्तन म्हणतात.

तरंग किती वळेल, हे त्याची तरंगलांबी आणि दाराची रुंदी यांच्या प्रमाणावर ठरते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. १२० हर्ट्‌झच्या भारदस्त पुरुषी स्वराची तरंगलांबी जवळजवळ ३ मीटर भरते. ९० सेंटिमीटरच्या दारातून असा स्वर सर्व दिशांना पसरतो. ‘स’ उच्चारताना होणाऱ्या सीत्कारात ५,००० हर्ट्‌झच्या आसपासची कंपने असतात. त्यांची तरंगलांबी जेमतेम ७ सेंटिमीटर. म्हणून ती बव्हंशी सरळच निघून जातात. प्रकाशाची तरंगलांबी तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. त्यामुळे दाराशी त्याचे वळणे जाणवतही नाही.

मिरवणूक गल्लीच्या वळणापलीकडे असताना आपल्याला आधी ढोलाचा घुमारा ऐकू येतो. ताशाची तडतड ती समोर आल्यावरच स्पष्ट होते. त्यामागेही बऱ्याच अंशी हेच कारण आहे.

आता पुन्हा व्हरांड्यात येऊ. भिंती आणि छतावरून परतणारा ध्वनी थोडी मदत करतो, हे खरे. तरीही आडोशाला उभ्या असलेल्या मुलापर्यंत स्वरांचा घोष पोहोचतो आणि ‘स’, ‘श’, ‘त’ यांसारखी व्यंजने क्षीण होतात. भाषेत अर्थाचा भेद तर पुष्कळदा व्यंजनांवरच अवलंबून असतो. ‘सात’ आणि ‘आठ’ यांत गल्लत होण्यास एवढे पुरते. अशा वेळी मुलाचे लक्ष नाही, असा निष्कर्ष आपण घाईने काढतो.

आपल्यापैकी अनेक माजी विद्यार्थी आज शिक्षक आहेत, पालक आहेत. आवाज पोहोचला म्हणजे शब्द पोहोचलाच, असे आपण गृहीत धरू नये. दाराआड उभ्या असलेल्या मुलावर रागावण्याआधी त्याला आत, आपल्या समोर बसवावे.