चातुर्मासातले पान

आषाढातली कांदेनवमी. बाहेर पाऊस, ताटात गरम कांदाभजी, आणि दोन दिवसांवर आलेल्या एकादशीपासून कोण काय सोडणार याची घरात चर्चा. आईने नेहमीप्रमाणे कांदा-लसूण आणि वांगे सोडले. मी मोठ्या उदार मनाने कारले सोडत असल्याचे जाहीर केले.

"सोडता कसले? काही धरा की!" सौ. म्हणाली. "लग्न झाल्यापासून ऐकते आहे, एकदा निवांतपणा मिळाला की लिहिणार म्हणून. रोज एक पान लिहा. कार्तिकी एकादशीपर्यंत."

ही गोष्ट २०२३ सालची. पंचांग न पाहताच मी होकार दिला, आणि फसलो. त्या वर्षी श्रावण अधिक! चातुर्मास चांगला पाच महिन्यांचा. मोजून १४८ दिवस. मी सवलत मागताच सौ.ने गीतरामायण काढले. १९५५ च्या रामनवमीला ते पुणे आकाशवाणीवर सुरू झाले, पुढच्या रामनवमीपर्यंत आठवड्याला एक गीत. मध्ये अधिक भाद्रपद आला आणि गीते झाली ५६. "माडगूळकरांनी सवलत मागितली होती का?" आता, कुठे गदिमा आणि कुठे आमची दोनशे पानी वही! पण सुधीर फडके चाल लावायला आणि सारा महाराष्ट्र ऐकायला बसलेला असताना 'आज सुचत नाही' म्हणण्याची सोय नसते, हे मात्र पटले.

जानेवारीत घेतलेल्या डायऱ्या आमच्या कपाटात पुष्कळ आहेत. प्रत्येकीची पहिली दहा-बारा पाने भरलेली, पुढे धोब्याचा हिशेब. वर्षभराचा संकल्प मोठा खरा, पण त्याला पैलतीर दिसत नाही. चातुर्मासाचा नेम तसा नाही. त्याला आरंभ आहे, शेवट आहे आणि घरातली माणसे साक्षीला आहेत. रात्री जेवण झाले की धाकटी विचारायची, "बाबा, पान झाले का?" पोरीपुढे खोटे कसे बोलावे?

बरे, विषयांची ददात नाही. तिथीच विषय आणून देते. जिवतीचा कागद, आघाडा-दुर्वांची जुडी, नारळीभात, गौरींचे मुखवटे उतरवताना होणारी धांदल. दुर्गाबाई भागवतांनी 'ऋतुचक्रा'त एकेक महिना घेऊन केवढे वैभव उभे केले! आपण निदान गच्चीवरच्या शेवाळ्याबद्दल चार ओळी लिहाव्यात. आषाढातली माझी पाने निव्वळ पावसाविषयी तक्रार होती. श्रावणात जरा नजर उघडली.

एखादा दिवस चुकतो. माझे सतरा चुकले. दुसऱ्या दिवशी दोन पाने लिहून भरपाई करू नये. ती पाने केविलवाणी उतरतात. तारीख टाकावी, 'आज नाही' लिहावे, पुढे जावे. मागचे पान कोजागिरीपर्यंत वाचायचे नाही, हाही माझा एक नियम. (ज्यांना दिवाळी अंकाकडे काही पाठवायचे असेल त्यांनी मात्र कोजागिरीची वाट पाहू नये. तोवर अंक छापखान्यात गेलेला असतो! १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा घातली, तेव्हापासून मराठी लेखक भर पावसात दिवाळीचे लिहीत आला आहे.)

पितृपक्षात वडिलांवर लिहायला बसलो. पहिले वाक्य उतरले, 'आमचे वडील करारी व शिस्तप्रिय होते.' पुढे काही सुचेना. असे वाक्य तर कोणाच्याही वडिलांविषयी लिहिता येईल! शेवटी आईकडे गेलो. ती तेव्हा त्र्याऐंशी वर्षांची. म्हणाली, "गिरगावात आपली खोली वरच्या मजल्यावर, गळायची. पाऊस आला की हे रात्री उठून तुमच्या अंथरुणांभोवती पातेली मांडायचे. आणि थेंबाच्या आवाजाने पोरे जागी होतील म्हणून प्रत्येक पातेल्यात एक फडके घालून ठेवायचे. सकाळी तुम्ही उठायच्या आत सगळे आवरलेले."

पन्नास वर्षांत हे आम्हा भावंडांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. रागीट म्हणून ज्यांना आम्ही दबून असायचो तो माणूस रात्री फडकी पिळीत बसायचा! त्या एका गोष्टीवर माझी चार दिवसांची पाने भरली. पुढे रोज आईपाशी बसू लागलो. ती सांगे, मी टिपून घेई.

आता आईचे आठवणे उणे झाले आहे. कधी कधी मलाच "आपण कुठले?" म्हणून आदराने विचारते. संध्याकाळी मी ती वही घेऊन तिच्याजवळ बसतो आणि वाचतो. बहुतेक वेळा ती खिडकीबाहेर पाहत असते. परवा पातेल्यांचे पान वाचत होतो, तर एकदम माझ्याकडे वळून म्हणाली,

"सगळी पातेली नव्हती हो. दाराशी घंगाळ असायचे. तिथे फार गळायचे."

मी पेन काढले आणि समासात घंगाळ लिहून घेतले.