कबड्डींतील आखूड चढाई व तिचा बचाव



आजच्या भाषणासाठीं मीं निवडलेला विषय वरवर पाहतां अगदीं लहान आहे. कबड्डीच्या मैदानांत चढाई करणारा गडी फार आंत न शिरतां निदान रेषेच्या आसपास घुटमळत राहतो. मध्येंच विजेसारखा हात लांबवितो, कोणाच्या तरी मनगटाला किंवा खांद्याला बोट लावतो, आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच मध्यरेषा गांठतो. ना झोंबाझोंबी, ना कुस्ती. पण एक गडी बाद झालेला असतो आणि एक गुण गेलेला असतो. अशा चार चढाया लागोपाठ साधल्या कीं सामन्याचें पारडें फिरतें. हिला आपण आखूड चढाई म्हणूं. तिच्यापुढें बचाव करणाऱ्यांनीं कसें उभें राहावें, आणि आपलें चुकतें तें नेमकें कोठें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

हुतूतू या नांवानें आपल्या वाडवडिलांनीं हा खेळ शेतांत, देवळापुढच्या पटांगणांत आणि आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूंत रेघा ओढून खेळला. १९२३ सालीं बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानें त्याचे नियम छापून सामने भरविले. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं बर्लिन येथें तो जगापुढें करून दाखविला. तेव्हांपासून आजपर्यंत नियम पुष्कळ बदलले आहेत. पूर्वीं चढाईची मर्यादा म्हणजे गड्याचा दम. आज दम कितीहि टिकला तरी ३० सेकंदांच्या आंत परत फिरावेंच लागतें.

विषय नीट समजण्यासाठीं मैदानाचीं मापें आधीं डोळ्यांपुढें आणावयास हवींत. पुरुषांचें मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असतें. मध्यरेषेमुळें प्रत्येक संघाच्या वांट्यास साडेसहा मीटर लांबी येते. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरांवर निदान रेषा, तिच्यापुढें एक मीटरावर बोनस रेषा, आणि तेथून १.७५ मीटरांवर पाठीमागची अंतिम रेषा. चढाई करणाऱ्यानें कोणास शिवलें नाहीं तर निदान रेषा तरी ओलांडलीच पाहिजे. नाहीं तर तोच बाद होतो. बचावाचे सहा किंवा सात गडी मैदानांत असतांना त्यानें एक पाय बोनस रेषेपलीकडे टाकून दुसरा उचलला, तर तेवढ्यानेंहि त्यास एक गुण मिळतो.

आतां एक साधा हिशेब करूं. निदान रेषेवर पाय रोवून कितीहि पुढें झुकलें, तरी गड्याचा हात फार तर बोनस रेषेच्या थोडासा पलीकडे पोंचेल. याचा अर्थ असा कीं, अंतिम रेषेशीं शांतपणें उभा असलेला गडी त्या हाताला लागतच नाहीं. आखूड चढाईंत जो बाद होतो, तो बहुतेक वेळां स्वतःच्या पायांनीं पुढें चालत आलेला असतो.

तो पुढें कां येतो? कारण त्याला मोह पडतो. चतुर चढाईपटू आपला हात मुद्दाम समोर लोंबकळत ठेवतो. कोपऱ्यावरच्या गड्याला वाटतें, हा हात आपलाच. तो झडप घालतो; हात मागें जातो; आणि तोच हात परत येऊन त्याच्या पाठीला लागतो. आमच्याकडे कुर्ली धरावयास शिकणाऱ्या मुलाला पहिला धडा देतात तो हाच, कीं समोर उघडलेल्या नांग्यांकडे हात नेऊं नये. कुर्ली वळेपर्यंत थांबावें आणि तिला पाठीमागून धरावें.

पण म्हणून सर्वांनीं अंतिम रेषेला पाठ लावून उभें राहावें काय? तसेंहि नाहीं. मागें हटण्यास मर्यादा आहे. अंतिम रेषेबाहेर पाय पडला तर गडी बाद होतो. शिवाय पुढील जागा मोकळी सोडली तर चढाई करणारा बोनस रेषेपर्यंत खुशाल येतो आणि न शिवतांच गुण घेऊन जातो. तेव्हां अंतर राखावें, परंतु मोजून राखावें: त्याच्या लांबविलेल्या हातापेक्षां एक वीत अधिक, आणि आपल्या एका झेपेपेक्षां अधिक नव्हे. तो एक पाऊल पुढें आला कीं आपण अर्धें पाऊल मागें; तो मागें गेला कीं आपण तितकेंच पुढें. घड्याळ त्याचें चाललेलें असतें, आपलें नव्हे. त्यांतहि त्याच्या संघाच्या आधींच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या असतील, तर तिसऱ्या चढाईंत गुण मिळविणें त्यास भागच असतें. अशा वेळीं घाई त्यानें करावी. आपण करूं नये.

दुसरें तत्त्व याहून महत्त्वाचें आहे, आणि नेमकें तेंच आपलीं मुलें विसरतात. बोट लागलें म्हणजे गुण गेला, असें नव्हे. चढाई करणारा सुखरूप मध्यरेषेला पोंचला तरच शिवलेला गडी बाद; तो वाटेंत धरला गेला तर बाद होतो तोच. परंतु आपला मुलगा हात लागतांच खांदे पाडून उभा राहतो आणि शेजारचा त्याच्याकडे रागानें पाहूं लागतो. त्या एका क्षणांत समोरचा निघून जातो. वास्तविक पकडीची खरी वेळ तीच होय. शिवतांना त्याचें अंग पुढें झुकलेलें असतें, एक पाय बहुधा उचललेला असतो, आणि परत फिरण्यासाठीं त्याला पाठ तरी वळवावी लागते, नाहीं तर तोल तरी सांवरावा लागतो. स्पर्श झाल्याबरोबर दोन्ही बाजूंच्या राखीव पट्ट्याहि खेळांत येतात व त्याची पळण्याची वाट रुंद होते. म्हणून विचार करीत बसण्यास तेथें अवकाशच नसतो.

अमेरिकेंत फुटबॉल या नांवानें जो खेळ चालतो, त्यांतहि हेंच तत्त्व दिसून येतें. तेथें चेंडू हातानें फेंकतात, आणि चेंडू बाळगणाऱ्या संघास चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावें लागतें. आखूड व झटपट फेंकीचा तेथील बचावालाहि असाच जाच असतो. कारण चेंडू इतक्या लवकर सुटतो कीं फेंकणाऱ्यावर धांवून जाणारे गडी त्याच्यापर्यंत पोंचतच नाहींत. मग शहाणा बचाव काय करतो? चेंडू झेलला गेला याचें दुःख न करतां झेलणाऱ्यास तेथल्या तेथें पाडतो. तीन-चार यार्ड गेले तर जाऊं देतो, पण पुढची वाट देत नाहीं. उलट जो एकटाच चेंडूवर झडप घालून चुकतो, त्याच्या पाठीमागें सारें मैदान उघडें पडतें.

तिसरें तत्त्व सांगण्यापूर्वीं एक गोष्ट सांगतों. ती माझ्याच चुकीची आहे. मी शाळेंत शिक्षक असतांना एका सामन्यांत आमचा संघ शेवटच्या पांच मिनिटांपर्यंत पुढें होता. समोरच्या एका किडकिडीत मुलानें आमच्या डाव्या कोपऱ्यावर आखूड चढाया सुरू केल्या. आमचा कोपऱ्याचा गडी बाद झाला, पुन्हां जिवंत होऊन आला, आणि पुन्हां तसाच बाद झाला. आम्ही हरलों. सर्वांदेखत मी त्या मुलास वाटेल तें बोललों. दुसऱ्या दिवसापासून तो मैदानावर दिसेना.

त्या रात्रीं मीं पाटीवर मैदान काढून सातहि गडी मांडून पाहिले. उरलेल्या सहाजणांस मीं ओरडून ओरडून मागें थोपवून धरलें होतें, आणि कोपरा एकटा पडला होता. पकड करावी तर साथ नाहीं. न करावी तर मास्तरांचा मार, अशी त्याची गत मींच केली होती.

सकाळीं मी त्याला भेटावयास किनाऱ्यावर गेलों. तेथें रापण लागली होती. होडी अर्धवर्तुळ करून जाळें टाकून आली होती, आणि त्याच्या दोन टोकांचे दोर दोन तुकड्या वाळूवरून ओढीत होत्या. जाळें जसजसें जवळ येई, तसतशा दोन्ही तुकड्या एकमेकींकडे सरकत. एका बाजूनें घाई केली कीं दुसरीकडून हांक येई. मुलाचे वडील दोर न सोडतांच मला म्हणाले, "मास्तरांनू, एकाच बाजून ओढून मासो गावना नाय. दोनय बाजू एकदम येवक व्हयी." ते जाळ्याविषयीं बोलत होते कीं सामन्याविषयीं, तें मीं विचारलें नाहीं. चूक माझी होती, असें मीं त्या मुलास सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें, मान हलविली आणि तो पुन्हां दोर ओढूं लागला. त्या वर्षीं तो परत खेळावयास आला नाहीं.

तिसरें तत्त्व तें हेंच. आखूड चढाईचा बचाव जिच्यावर हल्ला होतो त्या एका जागेचा नसतो; तो सातहिजणांचा असतो. सामान्यतः दोन्ही कोपऱ्यांवर दोघादोघांची सांखळी व मध्यें तिघे, अशी मांडणी करतात. चढाई डाव्या कोपऱ्यावर आली कीं डावी सांखळी अर्धें पाऊल मागें जाते. मधला गडी चढाई करणारा व मध्यरेषा यांमधील वाट अरुंद करीत येतो. आणि उजवी सांखळी वळसा घेऊन पुढें सरकते. त्याची नजर वळली कीं जेथल्या तेथें थांबावें. नजर फिरली कीं पुन्हां सरकावें. त्यानें हात टाकला किंवा पाऊल उचललें कीं कोपऱ्याच्या गड्यानें घोटा किंवा मांडी धरावी आणि त्याच क्षणीं मधल्यानें छाती आडवी घालावी. आधीं पाय, लगेच धड. या दोहोंमध्यें श्वासभर जरी अंतर पडलें, तरी गडी निसटतो. मात्र तीनच किंवा त्याहून कमी गडी उरले असतील तर सांखळी सोडून विखरून उभें राहावें. त्या स्थितींत पकड साधल्यास एक गुण अधिक मिळतो, हेंहि ध्यानांत ठेवावें.

ज्यांना हें केवळ मास्तरी पुस्तकी ज्ञान वाटेल, त्यांनीं २०१८ सालचा जकार्ता येथील आशियाई सामना आठवावा. १९९० पासून २०१४ पर्यंत पुरुषांचीं सातहि सुवर्णपदकें आपण जिंकलीं होतीं. त्या वर्षीं उपांत्य सामन्यांत इराणनें आपणांस २७ विरुद्ध १८ असें हरविलें. डाव्या कोपऱ्याचा फझल अत्राचली हा त्याच इराणचा. आपल्याकडे तो यु मुंबा संघांतूनहि खेळला आहे. त्याचा खेळ मुलांनीं अवश्य पाहावा. मात्र त्याच्या झडपेकडे न पाहतां झडपेपूर्वींच्या थांबण्याकडे पाहावें. पुढें २०२३ मध्यें हांगझौ येथें अंतिम सामन्यांत इराणला ३३ विरुद्ध २९ असें हरवून आपण तें पद परत मिळविलें.

शाळांतील बंधुभगिनींस एक साधा सराव सुचवितों. वाळूंत किंवा मातींत मापानें रेषा ओढाव्या. एका मुलानें चढाई करावी; पहिल्या दहा चढायांत कोणीहि पकड करावयाची नाहीं, फक्त अंतर राखावयाचें. पुढील दहांत मुद्दाम स्पर्श होऊं द्यावा आणि स्पर्श होतांच सर्वांनीं मिळून धरावें. गुण मोजूं नयेत. किती गडी एकदम हलले तें मोजावें.

आणि सामना हरलाच, तर कोपऱ्यावरच्या मुलाला बोलण्यापूर्वीं उरलेले सहाजण त्या क्षणीं कोठें उभे होते, तें आठवावें. माझ्या हातून तें राहून गेलें. आपल्या हातून राहूं नये.