पाण्याखालची राखीव हवा
अभनपुरासारख्या, समुद्रापासून दूर वसलेल्या गावातील जो प्रवासी मालवण-तारकर्लीस जाऊन प्रशिक्षकाचा हात धरून सिंधुदुर्ग किल्ल्यालगतच्या पाण्यात उतरतो, त्याची दृष्टी रंगीबेरंगी मत्स्यांवर खिळते. परंतु प्रशिक्षकाच्या अंगावरील, बहुधा पिवळ्या रंगाच्या, ज्या नळीवर त्याची सुरक्षितता अवलंबून असते, तिच्याकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. फ्रान्सच्या कुस्तो व गान्याँ यांनी १९४३ साली सिद्ध केलेल्या श्वसनयंत्रास मुखाशी एकच तोटी होती. आज ‘ऑक्टोपस’ नामक दुसरी, म्हणजे त्या पिवळ्या नळीची, तोटी संकटात सापडलेल्या सोबत्यासाठी बाळगणे हा दस्तूरच झाला आहे. तथापि तीही त्याच टाकीतून हवा घेत असल्यामुळे, स्वतःची टाकी रिती झाली आणि सोबती दुरावला, तर तिचा उपयोग शून्य; म्हणून खोल जाणारे अनेक पाणबुडे स्वतंत्र नियामकाची (श्वसनयंत्राची) लहान ‘पोनी’ टाकी बरोबर घेतात. ३० मीटर खोलीवर दाब चौपट, म्हणून हवेचा खर्चही चौपट. तरी २०० बार दाबाने भरलेल्या ३ लिटरांच्या टाकीत सुमारे ६०० लिटर हवा मावते, आणि मिनिटास ९ मीटर अशा संथ गतीने वर येऊन, वाटेत ५ मीटरांवर ३ मिनिटे थांबण्यास, शांतपणे श्वास घेणाऱ्यास तिच्यातील निम्मी हवाही पुरते. उरलेली निम्मी भयासाठी राखून ठेवावी, कारण घाबरलेल्या माणसाचा श्वास सहज दुप्पट होतो. आणि उतरण्यापूर्वी या टाकीचा दाब जातीने तपासावा, हे तर कलमच मानावे.