किनाऱ्यावरचा वार्ताहर आणि पडद्यावरचें वर्तमानपत्र

आज ज्या वर्गाविषयीं बोलावयाचें आहे तो संख्येनें लहान आणि मिळकतीनें त्याहूनही लहान आहे. कोणत्याही कचेरीच्या पगारपत्रकावर ज्याचें नांव नाहीं, असा मुक्त वार्ताहर तो हा. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर काय घडतें हें मुंबई-पुण्याच्या वाचकास कळतें तें बहुतांशीं त्याच्यामुळें. छापील पत्राची जागा आतां फोनचा पडदा घेऊं लागला आहे. या पालटांत त्या माणसाचें काय होतें, हें पाहणें हा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम जुनी व्यवस्था पाहूं. बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजीं निघालें आणि मराठी वृत्तपत्राचा पाया पडला. आमच्या जिल्ह्यास १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत. त्या कुलाब्यांत, अलिबागेस, १९३७ सालीं ‘कृषीवल’ सुरू झालें. चरीच्या शेतकऱ्यांनीं १९३३ सालीं पुकारलेला संप त्या वेळीं चालूच होता. परंतु पत्र कोठलेंही असो, तालुक्याची बातमी पुरविणारा मनुष्य बहुधा अर्धवेळच असे. कोणी शिक्षक, कोणी दुकानदार, कोणी बागायतदार. बातमी कागदावर लिहावी, पाकिटांत घालावी आणि तें एस्. टी. च्या वाहकाच्या हवालीं करावें, असा क्रम असे. मानधन छापून आलेल्या ओळी मोजून मिळे. खरी प्राप्ति दिवाळीच्या किंवा गणेशोत्सवाच्या पुरवणीसाठीं आणलेल्या जाहिरातींच्या कमिशनावर असे. या रीतींत एक मोठें व्यंग होतें. ज्याच्या दारीं जाहिरात मागावयास जावयाचें, त्याच्याविरुद्ध बातमी द्यावी कशी?

सप्टेंबर २०१६ मध्यें जिओची सेवा सुरू झाली, आंतरजाल स्वस्त झालें, आणि गांवोगांवीं फोनवर चित्रें व ध्वनि पोंचूं लागले. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी आली व अनेक घरीं अंक येईनासा झाला. वाचनाची संवय एकदां पालटली कीं ती सहसा मागें फिरत नाहीं.

मुक्त वार्ताहरानें या परिस्थितीशीं तीन प्रकारें जुळवून घेतलेलें दिसतें. माझ्या हाताखालीं शिकलेले दोघे-तिघे याच व्यवसायांत आहेत. त्यांच्याकडे पाहूनच हें सांगतों. पहिला प्रकार असा कीं, एकच बातमी अनेक रूपांनीं द्यावयाची. सकाळीं छायाचित्रासह चार ओळी संकेतस्थळास, सायंकाळीं सविस्तर वृत्त छापील पत्रास, आणि पुढें त्याच विषयावर एखाद्या साप्ताहिकास लेख. यासाठीं युनिकोड टंकलेखन आवश्यक झालें. जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडतांच निरर्थक अक्षरांची रास होई. ती अडचण त्यामुळें गेली.

दुसरा प्रकार म्हणजे स्वतःची यूट्यूब वाहिनी. येथील हिशेब समजून घेण्याजोगा आहे. जाहिरातींच्या उत्पन्नांत वांटा हवा असेल तर साधारण नियमाप्रमाणें १,००० वर्गणीदार (हे पैसे भरीत नाहींत, केवळ नांव नोंदवितात) आणि बारा महिन्यांत ४,००० तासांचें प्रेक्षण लागतें. प्रत्येक प्रेक्षकानें दोन मिनिटें पाहिलें असें धरल्यास हें प्रेक्षण १,२०,००० वेळां व्हावें लागेल. दोन-तीन हजार वस्तीच्या गांवांतून तें कसें व्हावें? मग बाहेरचा प्रेक्षक आकर्षिणें भाग पडतें. जंजिऱ्याचा तट, दिवेआगरची पुळण, मासळीचें ताट यांचीं चित्रें पुष्कळ पाहिलीं जातात. ग्रामसभेंत पाण्याच्या योजनेवर झालेला वाद कोणी पाहत नाहीं. म्हणजे जाहिरात देणाऱ्या शेजाऱ्याचा दाब गेला, पण दूरच्या प्रेक्षकाच्या कुतूहलाचा दाब आला.

तिसरा प्रकार मला अधिक आशादायक वाटतो. मासेमारी, भूसंपादन, खारभूमि किंवा सुपारीच्या वाड्या यांपैकीं एखाद्या विषयाचा नीट अभ्यास करून त्यावरच लिहावयाचें. असा लेखक केवळ वार्ता पुरवीत नाहीं, तो अर्थ सांगतो. म्हणून दूरचे संपादकही त्याला शोधीत येतात.

तथापि पडद्याची मर्यादाही या किनाऱ्यानें अनुभवली आहे. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ येथें आदळलें. वीज गेली, फोनचे मनोरे मुके झाले, रस्त्यांवर झाडें आडवीं पडलीं. अशा समयीं बातमी पोंचवावयाची म्हणजे जेथें संपर्क लागेल तेथपर्यंत माणसानेंच वाट काढीत जावें लागतें. आणि अशाच समयीं परगांवच्या, जुन्या वादळांचीं चित्रें ‘आतांचीं’ म्हणून हातोहात फिरतात. तें झाड कोणत्या वाडींतलें, तें घर कोणाचें, हें ओळखणारा मनुष्य गांवींच असावा लागतो.

पण त्या माणसाच्या पाठीशीं कोण आहे? १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यानें जे हक्क दिले ते नोकरींतील पत्रकारास, मग तो अर्धवेळ कां असेना. जो कोणाचाच नोकर नाहीं तो त्यांतून सुटला. नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून अमलांत आला, तोही छापील पत्रांपुरता. उलट फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनीं डिजिटल वृत्तप्रकाशकावर तक्रारनिवारण अधिकारी नेमण्याची व पंधरा दिवसांत तक्रारीचा निकाल लावण्याची जबाबदारी टाकली. मोठ्या संस्थेस हें जड नाहीं. एकट्या माणसास आहे.

मग आपण वाचकांनीं काय करावें? बातमी पुढें धाडण्यापूर्वी तिच्याखालीं कोणाचें नांव आहे तें पाहावें. जो नांवानिशीं लिहितो व चुकल्यास दुरुस्ती छापतो, त्याचें लेखन आवर्जून वाचावें, आणि त्यानें वर्गणी ठेवली असेल तर ती द्यावी. छापील अंकाला आपण दररोज पैसे मोजीत होतों. पडद्यावरचें फुकट मिळतें, तेव्हां त्याची किंमत दुसरा कोणी तरी मोजीत असतो, आणि बातमी कोणती असावी हेंही मग तोच ठरवितो. आपल्या गांवची बातमी आपल्यासाठीं लिहिली जावी असें वाटत असेल, तर तिच्या खर्चांत आपलाही थोडा वांटा असला पाहिजे.