वनखर्चाची थैली कुणाच्या हाती?

भारत आणि नेपाळ यांच्या वनखर्चाची तुलना नुसत्या रकमेवरून करणे मला फसवे वाटते. भारतात २०१९ साली केंद्राने भरपाई वनीकरणाचे ४७ हजार कोटींहून अधिक रुपये राज्यांना दिले. जंगल गेल्याच्या मोबदल्यात जमलेला हा पैसा वनखात्यामार्फत खर्च होतो. ग्रामसभेच्या वाट्याला येते ती सल्लामसलत. नेपाळात १९९३ च्या कायद्यापासून सामुदायिक वनाचे उत्पन्न ते वन राखणाऱ्या गावकऱ्यांच्या उपभोक्ता समूहाकडे राहते. त्यातून होणारा खर्च सरकारी अंदाजपत्रकात शोधून सापडायचा नाही. पण तिथेही अनेक समित्यांत उच्चजातीय, जमीनवाल्या घरांचेच वजन राहिले आहे. म्हणून आकडा वाचण्याआधी मी विचारतो : थैलीची दोरी कुणाच्या हाती आहे? आणि त्या दोरीला भूमिहीन दलित बाईचा, आदिवासीचा हात पोचतो काय?